खुंटीवरची बंदूक

राजापूर तालुक्यातल्या माझ्या आजोळी पडवीत दोन बंदुका असायच्या. एक ठासणीची. तिचा परवाना मामांच्या नावावर होता, शेतीसंरक्षणासाठी. 1959 च्या शस्त्र कायद्यात तशी तरतूदच आहे: खरोखर पिकाच्या राखणीसाठी हवी असेल तर ठासणीची बंदूक. निवडणूक लागली, मग ती ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, मामा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे, पावतीची घडी देवघरातल्या डब्यात ठेवायचे आणि निकालानंतर पुन्हा एक दिवस मोडून ती परत आणायचे. परवान्याचं नूतनीकरण, दारूची नोंद, दाखले, सगळं रीतसर.

दुसरी छर्‍याची. ती इरल्याशेजारी खुंटीला टांगलेली असायची. थोरल्या मामेभावाने कोल्हापुरातल्या एका दुकानातून आणलेली. तिला परवाना नव्हता, कुलूप नव्हतं. ज्याचा हात खुंटीपर्यंत पोचेल त्याची ती. मे महिन्यात आम्ही दहा-बारा पोरं आजोळी जमायचो, तेव्हा ती दिवसभर हातोहात फिरायची.

ठासणीची बंदूक माझ्या डोळ्यांदेखत तीनदा उडाली आणि तिन्ही वेळा नळी आभाळाकडे होती. आवाजाने वानरांचा कळप पांगावा, एवढाच हेतू. छर्‍याची मात्र रोज उडायची. बुलबुल, होले, खारी, उंबरावर उतरणारे हरियाल. आणि वानरं.

एका दुपारी कळप उतरला. मोहोर ओरबाडून झाला होता, आता कैर्‍या चालल्या होत्या. एक कैरी अर्धी खायची आणि चार खाली टाकायच्या. मामांनी खुंटीवरची बंदूक घेतली आणि खळ्यातूनच छर्रा सोडला. तो एका वानराच्या जबड्यात बसला. वानर पडलं नाही. कळप पुढे गेला, ते मागे राहिलं. पुढचे पाच दिवस ते वाडीच्या कडेच्या फणसावर होतं. तोंड सुजलेलं. हात खाण्याकडे जायचा, पण चावता येत नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी ते गडग्याखाली मेलेलं सापडलं. मामांनी खड्डा खणला, त्याला पुरलं, वर नारळ ठेवला. ते दर शनिवारी मारुतीला तेल घालणारे गृहस्थ. त्यांच्या हातून ही गोष्ट दुष्टपणाने झाली नव्हती. चार महिन्यांची राखण डोळ्यांसमोर मातीत जाताना पाहून माणूस हाताला येईल ते उचलतो, आणि त्यांच्या हाताला जे आलं ते उचलायला कोणी मज्जाव केलेला नव्हता.

पुढे अनेक वर्षं मला एकच प्रश्न पडत राहिला. ज्या बंदुकीने कोणाला इजा झाली नाही ती साखळीने बांधलेली का, आणि जी रोज जखमा करत होती ती खुंटीवर मोकळी का? उत्तर शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं की हा केवळ आमच्या वाडीचा प्रश्न नाही. भारतात या छर्‍याच्या, म्हणजे हवेच्या बंदुकीचं हत्यार म्हणून काय करायचं, हे आपण प्रामाणिकपणे कधी ठरवलंच नाही. हत्यार मोकळं ठेवलं आणि ज्याच्यावर ते रोखायचं ते जवळजवळ सगळं कायद्याने बंद केलं. या दोन्हींच्या मधल्या फटीत प्राणी अर्धवट जखमी होऊन मरतात, आणि शेतकर्‍याचं पीकही वाचत नाही.

आधी हत्याराबद्दल. हवेवर चालते म्हणून ती खेळण्यातली, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि ती चुकीची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, 1780 च्या सुमारास, ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्डोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल स्वीकारली होती. तिचा दस्ता हीच हवेची टाकी. पंपाचे हजारावर झटके दिल्यावर ती भरायची आणि मग वीसेक गोळ्या एकामागून एक सुटायच्या, धूर नाही, ठिणगी नाही. तिची गोळी माणूस मारायची. अमेरिकेच्या पश्चिमेकडे 1804 साली निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेनेही अशी रायफल सोबत नेली होती. म्हणजे खेळणं होण्याच्या आधी ही वस्तू युद्धसाहित्य होती.

आज ती पुन्हा त्याच दिशेने निघाली आहे. आपल्या जत्रेत फुगे फोडायला असते ती जुनी स्प्रिंगची बंदूक. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्यासमोरची हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत दट्ट्याचा धक्का बंदुकीला पुढे-मागे हलवून जातो, म्हणून तिचा नेम साधायला वर्षं लागतात. नवी पीसीपी रायफल, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, ही वेगळीच जात आहे. तिच्या टाकीत दोनशे ते तीनशे बार दाबाची हवा असते. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, हे लक्षात घेतलं म्हणजे फरक कळेल. पाणबुड्याच्या नळकांड्यातून ती भरतात. आत दाब नियंत्रित करणारी झडप असते, त्यामुळे प्रत्येक छर्रा जवळजवळ सारख्याच वेगाने निघतो. धक्का नाहीच म्हणावा इतका कमी. वर दुर्बीण, पुढे आवाज गिळणारी नळी. कसलेला माणूस तीस मीटरवर एकाच भोकात पाच छर्रे घालू शकतो. अमेरिकेत तर अर्धा इंच व्यासाची गोळी टाकणार्‍या हवेच्या रायफली आहेत आणि काही राज्यांत त्यांनी हरणाची शिकार कायदेशीर आहे.

या यंत्राबद्दल मला आदर आहे, हे सांगून टाकतो. दहा मीटरवरच्या नेमबाजीत सर्वोच्च गुणाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो टिपण्यासाठी लागणारी श्वासावरची आणि स्वतःवरची हुकमत थोर आहे. अंजली भागवत यांनी या महाराष्ट्रात कितीतरी मुलींच्या हाती एअर रायफल दिली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये याच प्रकारात जगज्जेता झाला. नेमबाजीच्या बंदिस्त दालनात कागदावर झाडलेला छर्रा कोणाचंही वाईट करत नाही. माझा वाद त्या दालनाच्या बाहेरच्या छर्‍याशी आहे.

आता आपला कायदा पाहू. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार नळीतून निघताना छर्‍याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत आणि नळी 4.5 मिलिमीटरची असेल तर परवाना लागत नाही. दुकानदाराने ओळखपत्र पाहून नोंद करायची, एवढंच. अर्ध्या ग्रॅमचा नेहमीचा छर्रा घेतला तर 20 ज्यूल म्हणजे सेकंदाला सुमारे 280 मीटर वेग. न्यायवैद्यकशास्त्राचा अनुभव असा, की अशा छर्‍याला माणसाची कातडी भेदायला सेकंदाला 100 मीटरच्या आसपास वेग पुरतो; डोळ्याला त्याहूनही कमी. म्हणजे कातडी फाडण्याच्या मर्यादेच्या अडीचपटीहून पुढे गेलेली वस्तू आपण विनापरवाना विकतो. ज्या ब्रिटनकडे शिकारी बंदुकांचं माहेरघर म्हणून पाहिलं जातं तिथे ही मर्यादा 12 फूट-पौंड, म्हणजे साधारण 16 ज्यूल आहे. उत्तर आयर्लंडमध्ये एक ज्यूलच्या वर गेलं की प्रमाणपत्र लागतं. ग्लासगोत 2005 साली एका दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्यात हवेच्या बंदुकीचा छर्रा लागून मृत्यू झाला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये दीर्घ काळ चर्चा झाली आणि 2016 च्या शेवटच्या दिवसापासून तिथे जवळपास प्रत्येक हवेच्या बंदुकीला प्रमाणपत्र बंधनकारक झालं.

ब्रिटनचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण छोटी शिकार आणि उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त यांसाठी एअर रायफल वापरण्याची सगळ्यांत मुरलेली पद्धत तिथली आहे आणि तिच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तिथली लक्ष्यं ठरलेली: ससा, रानकबुतर, उंदीर, राखाडी खार. वजन पाव किलोपासून दोन किलोपर्यंत. अंतर ठरलेलं: बहुतेकांसाठी तीस-पस्तीस मीटरच्या आत. नेमाची जागा ठरलेली: डोकं, रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ. त्या वर्तुळात दहापैकी दहा छर्रे कागदावर घालता आले नाहीत तर जिवंत प्राण्यावर बंदूक रोखू नये, हा तिथल्या जाणत्या शिकार्‍यांचा दंडक आहे. जमीनमालकाची परवानगी हवी. पक्ष्यांच्या बाबतीत तर सरकारी सर्वसाधारण परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात: पीक वाचवणं किंवा रोगराई रोखणं असं खरं कारण पाहिजे आणि न मारता होणारे उपाय पुरे पडत नाहीत हे दाखवता आलं पाहिजे. 2019 च्या एप्रिलमध्ये निसर्गअभ्यासक क्रिस पॅकम आणि त्यांच्या सहकार्‍यांच्या वाइल्ड जस्टिस या संस्थेने याच परवान्यांना कायद्याने आव्हान दिलं, तेव्हा नॅचरल इंग्लंड या सरकारी यंत्रणेला आपले परवाने रद्द करून नव्याने लिहावे लागले. शेतकरी चिडले, निसर्गप्रेमीही पूर्ण समाधानी झाले नाहीत. पण कोणत्या कारणासाठी, कोणता पक्षी, कोणी मारायचा, याचं उत्तर सरकारला लेखी द्यावं लागलं.

राखाडी खारीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. ती मूळची अमेरिकेची. 1876 मध्ये चेशायरमधल्या हेन्बरी पार्कात तिची जोडी सोडली गेली. ती पसरली आणि सोबत एक देवीसारखा विषाणू घेऊन आली; तिला त्याचा त्रास नाही, पण तिथली मूळची लाल खार त्याने मरते. वेल्सच्या अँगलसी बेटावर राखाडी खारी पिंजरे लावून, मारून संपवल्या, तेव्हा लाल खारी पुन्हा वाढल्या. इंग्लंड-स्कॉटलंडच्या अनेक रानांत आजही गावकरी स्वयंसेवक एअर रायफल घेऊन हेच काम करतात. त्यांना मी दोष देणार नाही. एका जातीला वाचवायला दुसरीतले जीव घ्यावे लागतात, हे कटू असलं तरी खरं आहे. मारणं हे प्रत्येक वेळी पापच असतं असं मी मानत नाही, म्हणून माझ्या म्हणण्याला केवळ भूतदया समजू नये.

हे सगळं आपल्याकडे आणून ठेवून पाहा. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. ससा, तित्तिर, लावा, हरियाल, पोपट, वानर, रानडुक्कर, सगळे संरक्षित. हरियाल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी. दक्षिणेकडचं, टोपीसारखा केसांचा भांग असलेलं बॉनेट माकड या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे त्याची शिकार केली तर किमान तीन वर्षांची कैद. उत्तरेकडचं र्‍हीसस माकड मात्र यादीतून वगळलं गेलं. कायद्यात शिकारीची व्याख्याही मोठी आहे. जीव घेणं तेवढं नव्हे, पकडणं, सापळा लावणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. मग दुकानातून रीतसर घेतलेल्या या बंदुकीने भारतीय माणसाने कायदेशीररीत्या मारायचं काय? गोदामातले आणि कोंबड्यांच्या खुराड्यातले उंदीर. प्रामाणिक यादी जवळपास इथेच संपते. तेवढ्यासाठी कोणी दुर्बीण लावलेली रायफल घेत नाही.

आणि जे मारलं जातं ते मरतही नाही. ब्रिटिश शिकारी सोळा ज्यूलची रायफल अर्धा किलोच्या कबुतरावर किंवा दोन किलोच्या सशावर वापरतो. आपण तेवढ्याच ताकदीचा छर्रा पंधरा किलोच्या वानरावर, साठ किलोच्या रानडुकरावर, पन्नास मीटरवरून, हलत्या फांदीवर, नेम न शिकता सोडतो. छर्रा कातडीखाली रुततो, पोटात शिरतो, डोळा फोडतो. प्राण्यांच्या डॉक्टरांना क्ष-किरण चित्रात जखमी वानरांच्या, कुत्र्यांच्या, घारींच्या अंगात ते शिशाचे पांढरे ठिपके दिसतात. बंदूक जितकी नेमकी तितकी शिकार दयाळू, असं नव्या रायफलींचे पुरस्कर्ते म्हणतात. ते त्यांच्या चौकटीत खरं आहे. ती चौकट काढून घेतली की नेमकेपणा उरतो तो फक्त जाहिरातीत. पीसीपी आपल्याकडे आली म्हणजे जखमी जनावरांची संख्या कमी होईल, असं मानायला मला आधार दिसत नाही. लांबून, आवाज न करता, शेजार्‍याला न कळता चाप ओढता येईल, एवढा बदल नक्की होईल.

इथे कोकणातला, विदर्भातला, मराठवाड्यातला शेतकरी मला थांबवेल आणि त्याला तो अधिकार आहे. तुम्ही पुण्यात बसून हरियालाचं कौतुक सांगता, आमच्या कैर्‍या कोण राखणार? हा प्रश्न खोटा नाही. माझ्या मामेभावाने गेल्या दहा वर्षांत वाडीत पपई आणि केळी लावणं सोडून दिलं. भुईमूग तर केव्हाच संपला. माडावरचं शहाळं पिकेपर्यंत टिकत नाही. बुजगावणी, गोफण, डबे बडवणं, कुत्री, सुतळी बॉम्ब, सगळं करून झालं. पाइपमध्ये कार्बाइड घालून आवाज काढणार्‍या नळ्या आल्या. माकडांनी चार दिवसांत त्यांची सवय केली, आणि 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या मुलांनी त्याच नळ्या फटाके म्हणून उडवून डोळे गमावले. राखणीचं हत्यार पोरांच्या हाती कसं जातं, ते आमच्या खुंटीने मला कधीच शिकवलं होतं.

पण याच शेतकर्‍याला मी विचारतो: छर्‍याच्या बंदुकीने तुमची वाडी राखली गेली का? कळप तासाभराने परत येतो. एक जखमी होतं, बाकीची शहाणी होतात, बंदूक घेतलेला माणूस ओळखायला शिकतात आणि तो घरात गेला की उतरतात. आमच्या वाडीत पंधरा वर्षं छर्रे झाडून वानरांचा एकही कळप कमी झाला नाही. बंदुकीने शेतकर्‍याला एकच दिलं, काहीतरी केल्याचं समाधान. आणि शासनाला त्याहून मोठी सोय करून दिली. जोवर शेतकरी आपापल्या पडवीतून चोरून छर्रे सोडतो आहे, तोवर नुकसानीचा प्रश्न कोणाच्या टेबलावर यायचं कारण नाही. कायदा मोडल्यामुळे तो तक्रार करायलाही बिचकतो. हे हत्यार शेतकर्‍याच्या बाजूचं वाटतं, पण त्याने शेतकर्‍याला गप्प केलं आहे.

उपद्रवी प्राणी मारावेच लागले तर ते उघड, ठरवून आणि कोणाच्या तरी नावावर जबाबदारी टाकून मारावेत. कायद्यात तशी वाटही आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी दुसर्‍या अनुसूचीतला प्राणी पिकाला धोका ठरत असेल तर मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. केरळने 2022 मध्ये रानडुकरांच्या बाबतीत हा अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांपर्यंत नेला. परवानाधारक नेमबाजांकडून मारायचं, विष, स्फोटकं किंवा विजेची तार वापरायची नाही, मेलेलं जनावर पुरून टाकायचं. त्यात त्रुटी असतील. पण कोणी, कुठे, किती मारले हे तिथे कागदावर सापडतं, आणि गोळी रानडुकराला जागीच पाडेल एवढ्या ताकदीची असते.

याउलट केंद्राने 2015-16 मध्ये बिहार, उत्तराखंड आणि हिमाचलमध्ये काही प्राण्यांना ठरावीक काळासाठी उपद्रवी घोषित केलं, तेव्हा काय झालं ते आठवा. बिहारमध्ये मोकामाच्या परिसरात बाहेरून बोलावलेल्या शिकार्‍यांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. दिल्लीत मनेका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री, आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांच्यात जाहीर वाद झाला. हिमाचलमध्ये उलटंच घडलं. माकड मारायची मोकळीक मिळूनही लोकांनी फारशी मारली नाहीत, कारण हनुमानाच्या रूपावर हात उचलायला मन घेत नाही. मामांनी पुरलेल्या वानरावर ठेवलेला नारळ मला त्या बातम्या वाचताना आठवत होता. भारतीय शेतकरी वानर मारायला तयार नाही. हाकलायला मात्र त्याला अशी वस्तू दिली आहे जी मारतेही आणि मारत नाहीही. नारळ ठेवणार्‍या हाताला हे ओझं वाहायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

हत्यार खाली ठेवण्याचाही एक मार्ग या देशात लोकांनी चालून दाखवला आहे, आणि तो शहरातल्या प्राणिमित्रांनी दाखवलेला नाही. अरुणाचल प्रदेशात घरोघरी छर्‍याच्या बंदुका होत्या. शिकार हा तिथल्या जमातींच्या जगण्याचा, मानाचा भाग. पाचशेहून अधिक जातींचे पक्षी असलेल्या त्या राज्यात गावाभोवतालची रानं मुकी होत चालली होती. 2021 च्या मार्चमध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावी तेव्हाचे वनमंत्री मामा नातुंग यांच्या पुढाकाराने एअर गन समर्पण मोहीम सुरू झाली. सक्ती नाही, खटला नाही. लोकांनी आपणहून बंदुका आणून ठेवल्या आणि त्यांचा गावासमोर सन्मान झाला. त्या वर्षीच्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या मोहिमेचा उल्लेख केला, तोवर 1,600 हून अधिक बंदुका जमा झाल्या होत्या. याच पट्ट्यातले न्यिशी लोक पूर्वी धनेशाची खरी चोच शिरस्त्राणावर लावत. आज अनेकजण फायबरग्लासची लावतात आणि पक्के अभयारण्याभोवती धनेशाची घरटी राखतात. परंपरेचा मान ठेवूनही हत्यार खाली ठेवता येतं, हे त्यांच्याकडे पाहून समजतं.

त्याच भागाशी पुण्याचा एक धागा जोडलेला आहे. रमणा आत्रेय हे पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ. पश्चिम कामेंगमधल्या ईगलनेस्टच्या रानात त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला. 2006 मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, तिथल्या बुगुन जमातीच्या नावावरून त्याला बुगुन लिओसिक्ला नाव मिळालं. नवी जात सिद्ध करायला शास्त्रज्ञ परंपरेने एक पक्षी मारून तो संग्रहालयात ठेवत. आत्रेयांनी पक्ष्यांची संख्या इतकी कमी आहे हे पाहून एकही मारला नाही. जाळ्यात सापडलेल्याची मोजमापं घेतली, छायाचित्रं काढली, गळलेली पिसं ठेवून घेतली आणि त्याला सोडून दिलं. याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी मुंबईच्या खेतवाडीत राहणार्‍या एका शाळकरी मुलाने खेळण्यातल्या एअर गनने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली होती आणि ती कोणती हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे गेला होता. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरून पडलं. ही गोष्ट सांगून काही लोक म्हणतात, मुलांच्या हाती छर्‍याची बंदूक दिली की त्यांना निसर्गाची ओढ लागते. मला ते पटत नाही. त्या मुलाला घडवलं मिलार्डसाहेबांनी उघडून दाखवलेल्या, पक्ष्यांच्या नमुन्यांनी भरलेल्या कपाटांनी. आमच्या वाडीतल्या दहा-बारा पोरांनी मिळून शेकडो पाखरं पाडली, आमच्यातला एकही सालिम अली झाला नाही. पाडलेल्या पाखराचं नाव सांगणारं कोणी नव्हतं.

काय करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. हवेच्या प्रत्येक बंदुकीची नोंद झाली पाहिजे, मालकाच्या नावासकट, आणि ती कुलुपात राहिली पाहिजे. नेमबाजांना, त्यांच्या संस्थांना यात काहीच अडचण नाही. ते आजही आपली रायफल पेटीत कुलूप लावून नेतात. परवान्याशिवाय मिळणार्‍या बंदुकीची ताकद 20 ज्यूलवरून पुष्कळ खाली आणली पाहिजे. स्पर्धेच्या रायफलीला आठ ज्यूलही लागत नाहीत. शिकारीची चित्रं लावून या वस्तू विकणं थांबवलं पाहिजे, कारण जी शिकार करायला परवानगी नाही तिची जाहिरात कशी चालते? आणि हे करताना शेतकर्‍याच्या हातातून बंदूक घेऊन त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. माकडांचं पकडणं आणि निर्बीजीकरण हे वनखात्याचं काम आहे, ते त्याने दर हंगामात, गाव ठरवून, सातत्याने करावं. रानडुकरासाठी गावागावांत शिकवून तयार केलेले, नाव नोंदलेले नेमबाज असावेत. नुकसानभरपाईचा आजचा पंचनामा शेतकर्‍याला थकवण्यासाठीच रचला आहे असं वाटावं इतका किचकट आहे. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांनी प्रत्येक फांदीचा पंचनामा करण्याऐवजी अपेक्षित उत्पन्नातली घट पाहून आधार देण्याची कल्पना अभ्यासाने मांडली आहे. तिचा विचार सरकारने गांभीर्याने करावा. मामांचे पाच दिवस त्या फणसाकडे बघत गेले. त्यांना त्या हंगामात कैर्‍यांचे पैसे कोणी वेळेवर दिले असते, तर त्यांचा हात खुंटीकडे गेला नसता असं मला वाटतं.

मामा गेले त्या वर्षी ठासणीची बंदूक आम्ही पोलीस ठाण्यात जमा केली. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, परवान्याचं पुस्तक, तीन सह्या, शिक्का. एका दिवसाचं काम झालं. घरात आणखी एखादं हत्यार आहे का, असं कोणी विचारलं नाही. विचारण्याचं कारणही नव्हतं, कारण कोणत्याही वहीत तिची नोंद नव्हती. मी ती खुंटीवरून काढली, चादरीत गुंडाळली आणि एसटीतून पुण्याला आणली. आज ती माझ्या माळ्यावर आहे.

महाराष्ट्राच्या वनखात्याने अरुणाचलसारखी मोहीम काढावी, तालुक्याच्या प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयात वर्षातला एक दिवस ठेवावा, अशी माझी मागणी आहे. तो दिवस ठरला की ही बंदूक घेऊन मी राजापूरला जाईन. तुमच्या पडवीत, माळ्यावर, गोठ्याच्या खुंटीवर अशी एखादी असेल तर तुम्हीही ती घेऊन या. तोवर तिला कुलूप लावा आणि किल्ली पोरांना सापडणार नाही अशी ठेवा.